मोठी बाटली उघडायच्या आधी ग्लास मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी पानभर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, मजकूर चांगला होता, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य कसं भिजवायचं, कडवटपणा आणि वास देणारी हॉप्सची फुलं कधी टाकायची, फर्मेंटेशनला म्हणजे आंबवायला तापमान किती, बाटल्या निर्जंतुक कशा करायच्या हे सगळं नीट सांगितलं होतं आणि नवीन माणसाला त्यावरून खरंच सुरुवात करता येईल. पण ज्या ग्लासात ही बिअर ओतायची त्याबद्दल अगदी शेवटी दोनच ओळी, की आवडेल तो ग्लास घ्या आणि फ्रीजरमधे गार करून ठेवा, आणि शेजारी फोटो काय, तर ७५० मिलीची मोठी बाटली टेबलावर उभी, अर्धी रिकामी, आणि तिच्या बाजूला बर्फाने पांढराफटक झालेला जाडजूड मग. तो फोटो बघून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. नऊ वर्षं मी घरी बिअर बनवतोय, त्यातली निम्मी तरी मोठ्या बाटल्यांमधे भरतो, आणि माझा अनुभव असा आहे की मोठ्या बाटलीतली बिअर पातेल्यात बिघडत नाही, पिंपात बिघडत नाही, ती बिघडते अगदी शेवटच्या अर्ध्या मिनिटात, ओतताना.

आधी घरच्या बाटलीत आणि विकतच्या बाटलीत फरक काय ते सांगतो. विकतची बिअर बहुतेक वेळा गाळून, वरून गॅस भरून येते, तिच्या तळाशी काहीच नसतं, ती कशीही ओता. घरी आपण काय करतो, बाटली भरताना लिटरमागे पाच-सात ग्रॅम साखर घालतो आणि झाकण लावून टाकतो, मग बिअरमधे उरलेलं यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारं खमीर, ती साखर खातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि बाहेर जायला वाट नाही म्हणून तो बिअरमधेच मुरतो. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर घातली की लिटरभर बिअरमधे लिटरभर गॅसची भर पडते असा हिशोब आहे. आणि काम संपलं की तेच यीस्ट हळूहळू खाली उतरतं, बाटलीच्या बुडाला मळकट पांढरा साका धरतो. हा साका काही विषारी वगैरे नसतो, पोटात गेला तर काही होत नाही, पण तो बिअरमधे मिसळला की बिअर गढूळ होते, चव पिठूळ लागते, मागे एक ब्रेडच्या पिठासारखा वास राहतो आणि माल्ट-हॉप्सचं जे काही नाजूक काम तुम्ही दोन महिने जपलेलं असतं ते सगळं त्याखाली दबून जातं.

३३० मिलीची बाटली असेल तर प्रश्नच येत नाही, एक ग्लास तिरका धरायचा, एका दमात ओतायची, शेवटचं बोटभर बाटलीतच ठेवायचं, झालं. मोठ्या बाटलीचं तसं नाही. एक ग्लास भरला की हात आपोआप बाटली उभी करून टेबलावर ठेवतो, आणि त्या क्षणी आत काय होतं बघा, तिरक्या बाटलीत मानेकडे सरकलेली बिअर एकदम मागे बुडाकडे धावते आणि साक्यावर जाऊन आदळते. दुसरा ग्लास भरायला पुन्हा तिरकी केली की पुन्हा तेच. चार ग्लास भरायचे म्हणजे मधे तीन वेळा बाटली ढवळणं. त्यात बाटली फार उलटी धरली तर बिअर बाहेर येताना हवा आत घुसायला भांडते, तो भकभक आवाज येतो ना, तो प्रत्येक भक म्हणजे साक्याला बसलेला एक हिसका.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी माझी पहिली ७५० मिलीची बाटली उघडली तेव्हा आम्ही चौघं बसलो होतो, पेल एल नावाची फिक्या रंगाची बिअर होती, सहा आठवडे अंधारात ठेवलेली, आणि माझ्याकडे होते ते घरातले सरळसोट पाण्याचे ग्लास, बारके, काठोकाठ भरले तरी अडीचशे मिलीच्या आतले. पहिला ग्लास दादाला दिला, तो इतका निवळ की त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. बाटली ठेवली. दुसरा धुरकट आला. बाटली ठेवली. तिसऱ्यात खिडकी दिसेना, आणि चौथा जो माझ्या मित्राच्या वाट्याला आला तो पहिल्या पावसातल्या ओढ्यासारखा, त्यात तळाचे बारीक बारीक तुकडे फिरत होते. त्याने दोन घोट घेतले, काही बोलला नाही, ग्लास हळूच बाजूला सरकवला. दादा मात्र म्हणत होता, "अरे मस्त झालीये की!" दोघंही खरं बोलत होते. एकाच बाटलीतून दोन वेगळ्या बिअर निघाल्या होत्या आणि माझ्या मित्राने मी बनवलेली बिअर त्या दिवशी चाखलीच नाही, ते मला फार लागलं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि तो मला तुमच्या वाचकांपर्यंत पोचवायचाय. ग्लास आधी बाटलीवरून ठरवायचा, बिअरच्या नावावरून नंतर. झाकण काढायच्या आधी टेबलावर एवढे ग्लास मांडलेले पाहिजेत की अख्खी बाटली, फेसासकट, एका दमात त्यांच्यात मावली पाहिजे आणि मधे बाटली एकदाही उभी करायची पाळी यायला नको.

फेसासकट हे मी मुद्दाम म्हणतोय. लोक ग्लासची मापं जोडतात आणि बरोबर बाटलीएवढी आली की खूष होतात, मग बिअर ओतताना फेस काठापर्यंत येतो, थांबावं लागतं, आणि थांबलं की बाटली उभी. माझा अदमास असा की बाटलीच्या दीडपट जागा हवी. ६५० मिलीच्या बाटलीला अर्ध्या लिटरचे दोन ग्लास, ७५० ला चारशेचे तीन, लिटरच्या बाटलीला अर्ध्या लिटरचे तीन, असं धरून चाला. बिअर कमी गॅसची असेल, म्हणजे ब्रिटिश पद्धतीची बिटर किंवा माइल्ड, ज्यात लिटरमागे दीड-दोन लिटरच गॅस ठेवतात, तर सव्वापटीतही भागतं. उलट जर्मन गव्हाच्या बिअरमधे साडेतीन-चार लिटरपर्यंत गॅस असतो, तिथे दीडपट सुद्धा कमी पडते, एक ग्लास जास्तीचा धुवून शेजारी ठेवा.

आणि हे माप ग्लासच्या खोक्यावरून घेऊ नका. पिंट म्हटलेला ग्लास अमेरिकन असेल तर ४७३ मिलीचा, ब्रिटिश असेल तर ५६८ मिलीचा, दोघांत जवळजवळ शंभर मिलीचा फरक, आणि ते माप सुद्धा बहुतेक वेळा अगदी काठोकाठ भरल्यावरचं असतं, तेवढा कोणी भरत नाही. जर्मन ग्लासांवर बाहेरून एक बारीक रेघ असते आणि तिच्या शेजारी ०.५ लिटर वगैरे लिहिलेलं, ती रेघ काठाच्या बरीच खाली असते, वरची जागा फेसाची, हे मला फार आवडतं कारण बघणाऱ्याला लगेच कळतं की बिअर किती आणि फेस किती. तुमच्या ग्लासला रेघ नसेल तर घरचा वजनकाटा घ्या, साखर मोजायला तो आपल्याकडे असतोच, रिकामा ग्लास ठेवून काटा शून्य करा आणि पाणी भरा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. मी माझ्या प्रत्येक प्रकारच्या ग्लासचं काठापर्यंतचं आणि काठाखाली तीन बोटं सोडून असं दोन्ही माप एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, बाटली काढायला गेलो की आधी तो कागद बघतो.

आता आकाराकडे येतो, पण त्याआधी वजन. जाड काचेची, शँपेनच्या घडणीची ७५० मिलीची भरलेली बाटली दीड किलोच्या वर जाते. ती एका हाताने जवळजवळ आडवी, न थरथरता, वीस-तीस सेकंद धरून ठेवायची म्हणजे सोपं काम नाही, आणि त्यात दुसऱ्या हाताने ग्लास तिरका धरायचा तर मनगट हमखास डगमगतं. ग्लास निवडताना हे कोणी बघत नाही. सगळीकडे सांगतात की ग्लास पंचेचाळीस अंशात धरून ओता, ते लहान बाटलीला ठीक आहे, मोठ्या बाटलीला दोन्ही हात लागतात, एक बुडाजवळ खालून आणि एक खांद्यापाशी, जिथून बाटलीची मान सुरू होते तिथे, म्हणजे ग्लास टेबलावर उभाच राहणार. मग असा ग्लास हवा जो उभा असतानाच धार कडेवरून घेऊ शकेल. तोंड जरा पसरट, भिंत जरा उताराची, बूड जड आणि रुंद की बाटलीची मान चुकून लागली तरी कलंडायला नको. उंच, सडपातळ पिल्सनर ग्लास इथे मार खातो, धार सरळ तळावर आपटते आणि अर्धा ग्लास फेसाने भरतो. गव्हाच्या बिअरचा उंच ग्लास सुंदर दिसतो, अर्धा लिटर बिअर आणि वर फेस अशी ऐसपैस जागा त्यात असते, पण तो तिरका धरूनच भरावा लागतो, म्हणून आमच्याकडे त्यासाठी दोन माणसं लागतात, बायको ग्लास धरते आणि मी बाटली. तिला ग्लास किती वेगाने सरळ करायचा हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं, मी सांगायला गेलो तर म्हणते, "तू धारेकडे बघ, ग्लासचं मी बघते."

ओतायची पद्धत शब्दांत सांगणं जरा अवघड आहे तरी प्रयत्न करतो. ग्लास एका ओळीत, कडेला कड लावून मांडायचे. बाटली हळूहळू तिरकी करत न्यायची, इतकीच की बिअर मानेच्या खालच्या अर्ध्या भागातून वाहील आणि वरच्या अर्ध्यातून हवा शांतपणे आत जाईल, भकभक ऐकू आली की समजा जास्त उलटी झाली. पहिल्या ग्लासात तिसरा हिस्सा, मग धार थांबायला पाहिजे तेवढीच, केसभर बाटली मागे घ्यायची, उभी नाही, मान पुढच्या ग्लासवर न्यायची, तिथे तिसरा हिस्सा, मग तिसऱ्या ग्लासात तेवढंच, आणि पुन्हा उलट्या क्रमाने पहिल्याकडे. असं फिरत फिरत भरलं की मधे फेस बसायला वेळ मिळतो आणि सगळ्यांना सारखी बिअर मिळते, नाहीतर पहिल्याला सगळ्यात निवळ आणि शेवटच्याला सगळ्यात गढूळ हे ठरलेलंच. शेवटी काचेतून खांद्याकडे लक्ष ठेवायचं.

माझे काका सत्तरीच्या पुढचे आहेत, स्वतः अर्धा ग्लासच घेतात, पण ओतायच्या वेळी मोबाईलचा टॉर्च घेऊन हजर असतात. तपकिरी बाटलीत बाहेरून काही दिसत नाही, पण खांद्याच्या मागून उजेड धरला की आतली बिअर मधासारखी पेटते आणि तिच्यात साका येताना धुराच्या बारीक रेषेसारखा स्पष्ट दिसतो. मी म्हणतो, "काका, टॉर्च जरा खाली घ्या," ते म्हणतात, "तू हात हलवू नकोस रे, मी बघतोय," आणि मग एकदम, "थांब! आला बघ!" त्या 'आला बघ' ला मी बाटली उचलतो. बाटलीत तेव्हा दोनेक बोटं बिअर राहते, ती जाऊ द्यायची, तिच्या मोहापायी वरचे तिन्ही ग्लास नासवायचे नाहीत. बाटली निवडता येत असेल तर खांदे ठसठशीत असलेली घ्या, तिरकी केल्यावर साका त्या खांद्यात अडकून राहतो, निमुळत्या उतरत्या खांद्याच्या बाटलीत तो सरळ मानेत येतो. आणि ओतायच्या आधी दोन-तीन दिवस बाटली फ्रीजमधे उभी ठेवा, साका घट्ट बसतो आणि थंडीने गॅस बिअरमधे नीट धरून राहतो, आडवी ठेवलेली बाटली आयत्या वेळी उभी करून काही उपयोग नाही.

एवढे ग्लास नसतील, किंवा लोक एकावेळी जमणार नसतील, तर सरळ काचेचा जग घ्या. दीड लिटरचा, रुंद बुडाचा, साधा. अख्खी बाटली त्याच्या भिंतीवरून हळूच एका दमात जगात उतरवायची, साका बाटलीत ठेवायचा, आणि मग जगातून ज्याला जसं हवं तसं, कितीही वेळा थांबून ओता, गढूळ व्हायची भीतीच गेली. यात थोडा गॅस उडतो हे खरं आहे, म्हणून कमी गॅसच्या बिअरला मी जग वापरत नाही, ती दुसऱ्या ओतण्यात पाणचट लागायला लागते, पण ज्या बाटल्यांत हातून साखर जरा जास्त पडलीये त्यांना तर जग म्हणजे औषधच आहे. जग फक्त बिअरसाठी ठेवा, दुधाचा किंवा तेलकट कशाचाही जग घेऊ नका, का ते पुढे सांगतो. प्लास्टिकचा तर नकोच, त्याला आतून चरे पडतात, चऱ्यांत ओशटपणा राहतो आणि चऱ्यांवरच बिअर खवळते.

गव्हाच्या जर्मन बिअरचा अपवाद सांगायलाच पाहिजे, नाहीतर कोणीतरी मला पत्र लिहील. तिथे यीस्ट हवंच असतं, ती बिअर धुरकट असणं हेच तिचं रूप आहे. अर्ध्या लिटरची बाटली आणि एकच ग्लास असेल तर बहुतेक बिअर ओतायची, शेवटचं बोटभर बाटलीत ठेवून ती गोल फिरवायची, तळ सुटला की ते वरून घालायचं. मोठी बाटली वाटून घ्यायची असेल तर मात्र उघडायच्या आधी बाटली टेबलावर आडवी ठेवून दोन-तीनदा हळू लाटण्यासारखी फिरवा, म्हणजे यीस्ट सगळीकडे सारखं पसरेल आणि कोणाला फक्त वरचं, कोणाला फक्त खालचं असं होणार नाही. हळू म्हणजे खरंच हळू, गॅस भरपूर असतो.

आणि जोरदार बिअर, नऊ टक्क्यांच्या आसपासची, बेल्जियन पद्धतीची वगैरे, ती लोक हौसेने मोठ्या बाटलीत भरतात कारण ती वर्षभर ठेवता येते. ७५० मिली गुणिले नऊ टक्के म्हणजे साधारण ६७ मिली निव्वळ अल्कोहोल, वजनात पन्नास ग्रॅमच्या वर. ही बाटली एकट्याची नाही. अर्ध्या लिटरचे मोठे ग्लास तिच्यासाठी काढूच नका, कारण ग्लास जेवढा तेवढं माणूस ओततो आणि ओतलं तेवढं पितो. पोटाला फुगीर आणि तोंडाशी आवळलेले, दांड्याचे, तीनशे-साडेतीनशे मिलीचे ट्यूलिप ग्लास घ्या, त्यात दीड-पावणेदोनशे मिलीच ओता, वरची मोकळी जागा वासासाठी. चार जणांत बाटली संपते, एका दमात रिकामी होते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला येतं ते मापात असतं. हा जुळलेला हिशोब मला फार पटतो, बाटली मोठी पण ग्लास लहान आणि जास्त.

बाकी आकारांची चर्चा मला थोडक्यात उरकायचीये, कारण त्यावर लोक खूप लिहितात. जाड भिंतीचा अमेरिकन शेकर ग्लास एकावर एक रचायला सोयीचा, बाकी त्यात मला काही गुण दिसत नाही, वर रुंद होत गेल्याने वास उडून जातो. नॉनिक नावाच्या ब्रिटिश पिंट ग्लासला काठाखाली जो फुगवटा असतो तो काठ एकमेकांवर आपटून टवके उडू नयेत म्हणून असतो, ओल्या हातातून निसटत नाही हाही फायदा. इटलीत २००६ च्या सुमारास आलेला टेकू नावाचा कोनदार दांड्याचा ग्लास वासाला फार छान आहे पण पातळ आहे, जड बाटलीची मान त्याच्या काठाला लागली की टिचलाच, मोठ्या बाटलीजवळ मी तो आणत नाही. मला विचाराल तर नवीन माणसाने अर्ध्या लिटरच्या रेघेचे सहा विली बेखर घ्यावेत, जर्मनीतला अगदी साधा रोजचा ग्लास, खालून वर हळूहळू रुंद होत जातो आणि वरच्या तिसऱ्या हिश्शात पुन्हा किंचित आत वळतो, तेवढ्या वळणाने फेस टिकतो आणि वास धरला जातो, बूड जड असतं, तोंडात हात जातो, धुता येतो. सहाच्या सहा एकसारखे असले की दोन बाटल्यांचा हिशोब मनातल्या मनात होतो.

तोंडात हात जातो हे मी सहज म्हणालो नाही. ग्लास धुणं हा निवडीचाच भाग आहे. बिअरचा फेस माल्टमधल्या प्रथिनांनी आणि हॉप्समधल्या कडू द्रव्यांनी उभा राहतो, आणि त्याचा शत्रू एकच, ओशटपणा. तेलाचा अंश, दुधाचा अंश, ओठाला लावलेलं मलम, साबणाचा राहिलेला थर, यातलं काहीही ग्लासला लागलेलं असलं की फेस डोळ्यांदेखत बसतो आणि आपण आपल्या रेसिपीला दोष देत बसतो. ज्या ग्लासच्या तळापर्यंत बोटं पोचत नाहीत त्याच्या तळाशी ओशट कडं राहणारच, तसा ग्लास घेतलात तर लांब दांड्याचा ब्रश सोबत घ्या. ग्लास स्वच्छ आहे का हे बघायला सोपी खूण आहे, पाण्याने खळबळून उलटा धरा, पाणी एकसंध पातळ थरात उतरलं तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन तुटलं तर ओशट. बिअर ओतल्यावर ग्लासच्या आतल्या भिंतीला, फेसाच्या खाली, बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तिथे घाण आहे. आणि पीत जाल तसा फेस प्रत्येक घोटाला एकेक जाळीदार कडं सोडत गेला तर ग्लास उत्तम धुतलाय. पुसू नका, फडक्याचे तंतू राहतात आणि त्या प्रत्येक तंतूवर बुडबुडे सुटतात, जाळीवर पालथे घालून निथळू द्या.

आणि तुमच्या लेखातला फ्रीजरचा सल्ला. ओला ग्लास फ्रीजरमधे ठेवला की आत बर्फाचे बारीक खडे धरतात, बिअर पडली की त्या प्रत्येक खड्यावर गॅस सुटतो आणि ग्लास फेसाने भरून वाहतो, आणि आपलं सगळं गणित तर बाटली एका दमात रिकामी व्हावी यावर उभं आहे! फेस आला, हात थांबला, बाटली उभी झाली, साका ढवळला. वर तो बर्फ वितळून बिअर पातळ होते, जिभेला बधिरपणा येतो आणि फ्रीजरमधले इतर वास ग्लासला लागलेले असतात ते वेगळंच. त्याऐवजी ओतायच्या अगदी आधी ग्लास गार पाण्याने खळबळून घ्या आणि झटकून टाका, ओल्या काचेवर बिअर घसरत जाते, फेस आटोक्यात राहतो.

मगच्या जाडीबद्दल पण लोकांचा गैरसमज आहे की जाड काच बिअर थंड ठेवते. लिटरचा जाड जर्मन मग रिकामा सव्वा किलोच्या आसपास भरतो. तो २५ अंशावर असेल आणि त्यात ६ अंशाची लिटरभर बिअर ओतली तर काचेची उष्णता बिअरमधे उतरून दोघांचं मिळून १० अंशाच्या जवळ जातं, म्हणजे पहिला घोट घ्यायच्या आधीच चारेक अंश गेले. म्हणून असा जाड मग वापरायचाच असेल तर त्याला गार पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा. लिटरच्या बाटलीला लिटरचा मग अशी जोडी काही जण लावतात, पण रेघेपर्यंत लिटर आणि वर फेसाची जागा असेल तरच ती जुळते, आणि साक्यासाठी दोन बोटं बाटलीत राहतात त्यामुळे प्रत्यक्षात ती छान बसते, फक्त एकाच माणसाला लिटरभर प्यायची का हा प्रश्न राहतो.

एक शेवटचं, उन्हात ओतत असाल तर ग्लास सावलीत ठेवा. तपकिरी बाटलीने इतके दिवस प्रकाश अडवलेला असतो, पारदर्शक ग्लासात आली की उन्हाने हॉप्समधली द्रव्यं तुटतात आणि काही मिनिटांतच एक उग्र घाणेरडा वास सुटतो, घरच्या ताज्या हॉप्सच्या बिअरमधे तर फारच लवकर.

संपादक साहेब, तुमच्याकडे माझी एवढीच विनंती आहे की या विषयावर पुढचा लेख येईल तेव्हा जशी माल्टची आणि हॉप्सची वजनं चौकटीत दिली होती तशीच बाटली किती मिलीची आणि ग्लास किती मिलीचे, किती नग, हे पण चौकटीत द्या, आणि तो अर्धी बाटली उभी ठेवलेला फोटो बदलून ओळीत लावलेले तीन ग्लास आणि त्यांच्यावर आडवी धरलेली बाटली असा फोटो छापा. फोटो काढायला बाटली हवी असेल तर येत्या शनिवारी मी लिटरची एक उघडतोय, डार्क लागर आहे, तीन दिवस फ्रीजमधे उभी आहे, ग्लास धुवून पालथे घातलेत, आणि काकांना टॉर्च चार्ज करून यायला सांगितलंय.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक